‘स्मृतीसारखी बॅट द्या’: सांगलीतल्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाविषयी

क्रिकेटची बॅट विकणारी दुकाने सांगलीत पुष्कळ आहेत. परंतु भारताच्या महिला संघाची डावखुरी सलामीवीर स्मृती मानधना हिची फलंदाजी पाहून बॅट घ्यायला आलेल्या मुलीच्या हातात नेमके काय ठेवायचे, हे ज्याला समजते असे दुकान मला हरभट रोडच्या मागच्या एका बोळात आढळले. तिथे सगळाच माल उत्तम मिळतो असे सरसकट म्हणता येणार नाही, आणि काही बाबतींत तर दुकानाचा कारभार अगदीच जुनाट आहे. तरीही एखाद्या खेळाडूच्या खेळातला आनंद ओळखून त्यानुसार साहित्य निवडून देणारा विक्रेता विरळा, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुकानाच्या पाटीवरचे नाव उन्हाने पार उडाले आहे. ‘सर्व प्रकारचे खेळाचे साहित्य योग्य दरात मिळेल’ ही खालची ओळ तेवढी वाचता येते, आणि पेठेतले लोक त्याला नुसते ‘बॅटवाल्या काकांचं दुकान’ म्हणतात. आत दोन माणसे शेजारी शेजारी उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचे, इतकी जागा अरुंद आहे. एका भिंतीला बॅटा, समोरच्या भिंतीला कॅरम, बुद्धिबळाचे पट, लेझीम आणि दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, आणि वर माळ्यावर पॅडचे गठ्ठे अशी मांडणी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या भागात पाणी शिरले तेव्हा खालच्या फळ्यांवरचा माल वाया गेला. बॅट ज्यापासून बनते ते विलोचे लाकूड पाण्यात राहिले की फुगते आणि वाळताना चिरते, त्यामुळे तेव्हापासून काकांनी कमरेच्या खाली एकही बॅट ठेवलेली नाही. लहान मुलांना त्यामुळे बॅट स्वतः काढून पाहता येत नाही, प्रत्येक वेळी मागावी लागते, ही गैरसोय आहे. पण तिचे कारण पटण्यासारखे आहे.

काउंटरच्या मागे तीन तसबिरी आहेत. पहिली विजय हजारे यांची, ज्यांनी १९४८ च्या ॲडलेड कसोटीत ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके केली. दुसरी नंदू नाटेकर यांची, ज्यांनी १९५६ मध्ये मलायातील सेलांगोरची स्पर्धा जिंकून बॅडमिंटनमधले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय विजेतेपद आणले. दोघांचाही जन्म सांगलीचा. तिसरी तसबीर स्मृतीची. तिचा जन्म मुंबईचा. परंतु ती दोन वर्षांची असताना कुटुंब माधवनगरला राहायला आले आणि तिचे क्रिकेट इथेच घडले, त्यामुळे सांगलीकर तिला आपलीच धरतात. जन्मगावाचा मुद्दा काढणाऱ्याशी काका वाद घालत नाहीत, त्याला चहा पाजतात आणि विषय बदलतात.

मी गेले होते ते माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला घेऊन. तिने २ नोव्हेंबर २०२५ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना घरच्या सगळ्यांबरोबर पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून झाडूच्या दांड्याने डाव्या हाताची फलंदाजी सुरू केली. वस्तुतः ती लिहिते, जेवते आणि चेंडू फेकते ते उजव्या हाताने. तिच्या वडिलांनी तिला ‘सरळ’ उभे राहायला सांगून पाहिले, पण ती ऐकेना. काकांच्या दुकानात येण्याआधी आम्ही शहरातल्याच दुसऱ्या एका मोठ्या दुकानात जाऊन आलो होतो. तिथल्या विक्रेत्याने आधी प्लॅस्टिकची बॅट पुढे केली, कारण ‘मुलगी आहे, हलकी बरी’. आणि आम्ही चामड्याच्या चेंडूने खेळायची बॅट हवी असे सांगितल्यावर थेट दुसरे टोक गाठून जाड कडांची, चकचकीत स्टिकरांची, तिच्या दंडाला न पेलणारी बॅट दाखवली. ‘याने सिक्सच जातो’ असे तो म्हणाला. दोन्ही बॅटांचा स्मृतीशी काडीचा संबंध नव्हता, आणि हे भाचीला माझ्याआधी कळले.

काकांच्या दुकानात तिने तेच वाक्य पुन्हा म्हटले: “मला स्मृतीसारखी बॅट द्या.” काकांनी फळीकडे हातही नेला नाही. त्यांनी विचारले, “स्मृतीचं काय आवडतं तुला, बाळा?” भाचीने थोडा विचार करून सांगितले, “ती जोरच लावत नाही काका, तरी चौकार जातो.” काकांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “ताई, हिला कळलंय की. आता बॅट सोपी.”

मुलीच्या या एका वाक्यात स्मृतीच्या फलंदाजीचे मर्म आले आहे, आणि दुकानाने पुढे जी निवड केली ती सगळी त्यावरच बेतलेली होती, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते. ऑफ स्टंपच्या बाहेर, थोडा पुढे पडलेला चेंडू स्मृती कव्हरमधून मारते तेव्हा पाहणाऱ्याला आधी वाटते की तिने चेंडू नुसता अडवला आहे. उजवा पाय चेंडूच्या रोखाने पुढे येतो, डोके त्या पायाच्या वर स्थिर राहते, बॅट डोळ्यांच्या खाली चेंडूला भेटते, आणि फटक्याचा शेवट खांद्यावर न जाता पुष्कळदा छातीच्या उंचीवरच थांबतो. तोवर चेंडू सीमारेषेच्या निम्म्या वाटेवर असतो. पात्याच्या खालच्या भागात एक जागा अशी असते की तिथे चेंडू बसला तर दांड्यात झिणझिण्या येत नाहीत आणि ताकद हातात परत न येता चेंडूत जाते. मुले त्याला ‘मिडल झाला’ म्हणतात. स्मृतीचे कौशल्य हे की ती चेंडूला त्या जागेपर्यंत येऊ देते, स्वतः त्याच्यामागे धावत जात नाही. महिलांच्या क्रिकेटमध्ये चेंडू १४० ते १५१ ग्रॅम वजनाचा, म्हणजे पुरुषांच्या चेंडूपेक्षा हलका असतो, आणि गोलंदाजाचा वेगही कमी असल्याने उसना घ्यायला वेग फारसा नसतो. तिथे नुसत्या दांडगाईने फार काळ भागत नाही. चेंडू नेमका कधी आणि कुठे भेटवायचा यावरच सगळे येऊन ठेपते.

तिच्या कव्हर ड्राइव्हइतकाच मला आवडतो तो तिचा पुलचा फटका. आखूड चेंडूवर बहुतेक फलंदाज मागे सरकताना अंग आक्रसून घेतात. स्मृतीचे अंग त्या वेळी सैल होते, जणू हाच चेंडू तिने मागवला होता, आणि तो मिडविकेटवरून जाताना तिच्या चेहऱ्यावर विशेष काही घडल्याचा भाव नसतो. फिरकीला पुढे येऊन एक्स्ट्रा कव्हरवरून उचललेला फटका हा तिसरा. त्यात धोका अधिक आहे आणि ती त्यावर बादही पुष्कळदा होते. पण तिच्या खेळात आशा नावाची गोष्ट कुठे असेल तर ती इथे. आधीचा चेंडू कडेला लागून वाचलेला असला, तरी पुढच्या चेंडूवर धाव आहे असेच ती धरून चालते.

२० सप्टेंबर २०२५ च्या दिल्लीतल्या सामन्याची चित्रफीत काकांच्या दुकानातल्या छोट्या टीव्हीवर वारंवार चालू असते. ऑस्ट्रेलियाने ४१२ धावा केल्या होत्या. एवढी धावसंख्या पाहून कोणताही संघ ‘सन्मानाने हरू’ या विचाराने उतरला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. स्मृतीने ५० चेंडूंत शतक केले, जे एकदिवसीय सामन्यांतले भारताचे सर्वांत वेगवान शतक ठरले; विराट कोहलीने २०१३ मध्ये जयपूरला ५२ चेंडूंत केलेले शतक त्यामुळे मागे पडले. ती ६३ चेंडूंत १२५ धावा करून बाद झाली, संघ ३६९ वर आटोपला आणि भारत ४३ धावांनी हरला. हरलेल्या सामन्याची चित्रफीत दुकानात का लावता, असे मी विचारले तेव्हा काकांनी दिलेले उत्तर मला पटले. जिंकलेल्या सामन्यात पोरं निकाल बघतात, हरलेल्यात खेळ बघतात, असे ते म्हणाले. मला तरी त्या डावात एक गोष्ट दर वेळी नव्याने दिसते. षटकामागे आठच्या वर धावा हव्या असतानाही त्या सव्वाशे धावांपैकी बहुसंख्य फटके पुस्तकातले आहेत. आडवीतिडवी बॅट फिरवलेली फार थोड्या वेळा दिसते. घाई आहे, पण घाबरगुंडी नाही.

अर्थात स्मृतीच्या चाहत्याला जिवाला घोर लागायची सवय करून घ्यावी लागते. विश्वचषकात तिच्या पहिल्या तीन डावांतल्या धावा ८, २३ आणि २३ अशा होत्या. त्यानंतर विशाखापट्टणमला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८०, आणि १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध ८८. इंदूरचा तो डाव मला अजून टोचतो. विजय हाताशी आलेला असताना तिने उंच फटका मारला, झेल गेला, आणि भारत ४ धावांनी हरला. त्या फटक्याची तेव्हा गरज नव्हती हे माझे मत आहे, आणि दुकानातल्या चर्चेत त्यावर माझ्याशी सहमत होणारे बरेच निघाले. मात्र पुढचा सामना चारच दिवसांनी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध होता, आणि त्यात तिने ९५ चेंडूंत १०९ धावा करून प्रतीका रावलबरोबर २१२ धावांची सलामी दिली. इंदूरला जो फटका अंगलट आला तो तिने इथे टाकून दिला नाही, फक्त त्यासाठी चेंडू अधिक नीट निवडला. अंतिम सामन्यात तिच्या धावा ४५ होत्या आणि शफाली वर्माबरोबरची सलामी १०४ धावांची. स्पर्धेत मिळून ४३४. एका विश्वचषकात भारताच्या कोणत्याही महिला फलंदाजाने याआधी इतक्या धावा केल्या नव्हत्या. २०१७ सालीही असेच घडले होते. त्या वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या लीगमध्ये खेळताना तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, कित्येक महिने ती मैदानाबाहेर होती, आणि जूनमध्ये विश्वचषकात उतरून पहिल्या दोन सामन्यांत डर्बीला ९० आणि टॉन्टनला नाबाद १०६ धावा केल्या.

आता बॅट. काकांनी भाचीला आधी उभे राहायला लावले आणि विचारले, “लिहितेस कुठल्या हातानं?” उजव्या हाताने लिहिते हे कळल्यावर मला वाटले की तेही तिला वळवू पाहतील. त्यांनी तसे काही केले नाही. डावखुरा फलंदाज बॅट धरतो तेव्हा त्याचा उजवा हात वर येतो, आणि सरळ बॅटने मारायच्या फटक्यांत सूत्रे वरच्या हाताकडे असतात. त्यामुळे मूळचा उजखुरा माणूस डावा खेळू लागला तर त्याचा बळकट हात नेमका योग्य जागी असतो, हे त्यांनी तिच्या मुठी एकावर एक ठेवून दाखवले. स्मृती स्वतः उजव्या हाताची आहे आणि मोठा भाऊ श्रवण डावखुरा खेळत असे, त्याचे पाहून ती तशी खेळू लागली. सौरव गांगुलीचेही तेच. घरात थोरल्या भावाचे साहित्य होते ते वापरता यावे म्हणून उजव्या हाताचा हा मुलगा डावखुरा फलंदाज झाला. भाचीच्या वडिलांना ही माहिती मी त्याच संध्याकाळी फोन करून कळवली.

मग काकांनी चार आणि पाच नंबरच्या काही बॅटा खाली काढल्या. बॅट पायाशेजारी उभी केली की मुठीचे टोक कमरेच्या हाडापर्यंत यावे, हा त्यांचा उंचीचा हिशेब. त्यानुसार पाच नंबर ठरला. खरी परीक्षा वजनाची होती. त्यांनी तिला बॅट फक्त उजव्या, म्हणजे वरच्या हाताने धरून समोर आडवी धरायला सांगितली आणि तोंडाने सावकाश दहापर्यंत मोजले. मनगट आधी खाली कलले तर ती बॅट बाजूला. पहिल्या दोन बॅटा अशा गळाल्या. तिसरी आणि चौथी तराजूवर जवळजवळ सारख्याच, साडेनऊशे ग्रॅमच्या आतबाहेर भरल्या; परंतु एक हातात जड लागत होती आणि दुसरी हलकी. काकांनी कारण सांगितले. एकीचे लाकूड टोकाकडे जास्त राखले होते, दुसरीचे मुठीच्या दिशेने थोडे वर. तराजूतले वजन आणि हातातली उचल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांसाठी बॅट घेताना दुसरी पाहायची असते, हे मला कोणत्याही ऑनलाइन दुकानाच्या पानावरून कळले नसते, कारण तिथे नुसते ग्रॅम लिहिलेले असतात.

आधीच्या दुकानात दाखवलेल्या जाड कडांविषयी मी मुद्दाम विचारले. नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०१७ पासून बॅटची कड ४० मिलिमीटरपेक्षा आणि पात्याची जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही, आणि मोठी माणसे त्या मर्यादेच्या जवळ जातात ती चुकीच्या जागी लागलेला चेंडूही सीमेपार जावा म्हणून. काकांचे म्हणणे असे की अकरा वर्षांच्या मुलीने चुकीच्या जागी लागलेला चेंडू चुकीचाच लागला आहे हे हाताला कळू द्यावे, झिणझिण्या आल्या तर येऊ द्याव्यात. त्यातूनच ती मधोमध लावायला शिकेल. हे ऐकायला थोडे कठोर आहे, पण मुलगी ज्या खेळावर भाळली आहे त्या खेळाची ती पहिलीच पायरी आहे. मला वाटते, स्मृतीच्या फलंदाजीतून मिळणारा आनंद मुलांपर्यंत पोचतो याचे कारणही हेच असावे. षटकाराला दंड लागतात आणि ते यायला वर्षे जातात; नीट वेळेवर लावलेला चेंडू मात्र साडेचार फुटी मुलीच्या बॅटवरूनही तसाच सुटतो, आणि तिला तो त्याच दिवशी अनुभवता येतो.

इंग्लिश विलोची बॅट काकांनी दाखवायलाच नकार दिला. ती मऊ आणि हलकी असते, चेंडू त्यावरून छान सुटतो, पण तिला जपावे लागते, किंमत काश्मिरी विलोच्या काही पट असते, आणि वाढत्या वयाच्या मुलीला ती वर्षभरात तोकडी पडते. महाग वस्तू विकायची संधी समोरून चालून आलेली असताना ती नाकारणारा दुकानदार पाहून मला बरे वाटले. काश्मिरी विलोची पाच नंबरची बॅट १,८५० रुपयांना पडली. घासाघीस होत नाही. दोन वेळा विचारले तर काका एक टेनिसचा चेंडू फुकट देतात आणि गप्प बसतात.

मात्र या दुकानाचे खरे वैशिष्ट्य हातमोज्यांच्या फळीवर आहे. बॅट डावी-उजवी नसते, पण फलंदाजीचे हातमोजे असतात. मुठीत खाली असणारा हात गोलंदाजाच्या समोर येतो, म्हणून त्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटांना जादा संरक्षण दिलेले असते; उजव्या फलंदाजासाठी तो उजवा हात आणि डावखुऱ्यासाठी डावा. उजव्याची जोडी डावखुऱ्याने घातली तर नेमके उघडे बोट चेंडूसमोर येते. बहुतेक दुकानांत मुलांच्या मापात डावखुऱ्यांची जोडी मागितली की ‘मागवून देतो’ हे उत्तर ठरलेले. इथे डावखुऱ्यांसाठी वेगळी फळी आहे, तीन मापांत, आणि काकांच्या सांगण्यानुसार पूर्वी वर्षात एखादी जोडी जायची, आता पोरीच जास्त येतात. भाचीला दुसऱ्या प्रयत्नात माप मिळाले. पंजाच्या आतले कातडे फार उंची नाही, शिवण एका ठिकाणी वाकडी होती, पण अंगठ्याची ढाल भक्कम आहे. ६५० रुपयांत याहून अधिक मागणे रास्त होणार नाही. आमच्या शाळेच्या दिवसांत मुलींच्या नावाने खेळाच्या कपाटात खोखोचे दोन खांब आणि एक रिंग असे. त्या पार्श्वभूमीवर सांगलीतल्या एका बोळात मुलींच्या मापाच्या डावखुऱ्या हातमोज्यांची फळी भरलेली पाहणे ही मला स्वतःला फार मोठी गोष्ट वाटली, आणि या परीक्षणात दुकानाला मी झुकते माप दिले असेल तर त्याचे कारण ते आहे.

नवी बॅट तशीच मैदानात नेऊ नये, हेही इथे बजावून सांगतात. पात्याला आणि कडांना जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन ती आडवी ठेवायची, मग लाकडी हातोडीने आधी हळू आणि पुढे जोर वाढवत ठोकायची, जेणेकरून वरचे तंतू दाबले जाऊन चेंडूच्या माराने चिरणार नाहीत. ही सेवा दुकान २०० रुपयांत करून देते आणि त्याला चार दिवस लागतात. मी बॅट न्यायला गेले तेव्हा दुकानातला मुलगा कडांवर हातोडी चालवत होता आणि काका पाठमोरे बसूनही नुसत्या आवाजावरून ‘अजून कोरडा वाजतोय, खाली घे’ असे सांगत होते. मी बोटाने दाबून पाहिले. कडांचा धारदारपणा जाऊन त्या गोलसर झाल्या होत्या, आणि पात्यावर कुठेही खड्डा नव्हता. टोकाला पाणी लागू नये म्हणून रबराची पट्टी चिकटवली होती, तिचे पैसे वेगळे घेतले नाहीत. एवढे नेटके काम मी पुण्यातही पाहिलेले नाही.

तक्रारी आहेत. स्मृतीच्या १८ क्रमांकाचे टीशर्ट दाराशीच लटकवलेले असतात आणि मुलींची पहिली उडी त्यांच्यावर पडते, पण कापड घाम न शोषणारे आहे आणि छपाई दोन-तीन धुण्यांत तडकते. काकांनी बॅटच्या बाबतीत दाखवलेली चोखंदळ नजर इथे कुठे जाते हे कळत नाही. ट्रॅकपँट घालून पाहायची तर खोक्यांच्या मागे पडदा ओढलेली एक जागा आहे, तिला कडी नाही. मुलींचे गिऱ्हाईक वाढले आहे असे सांगणाऱ्या दुकानाने ही सोय आधी करायला हवी होती. मुलींच्या मापाचे क्रिकेटचे बूट मिळत नाहीत, मुलांचेच लहान माप दाखवले जाते. शिवाय टीव्हीवर दिल्लीचा तो डाव नव्वदीच्या घरात आला की दुकानातला व्यवहार थांबतो. मी तिथे असताना एक गृहस्थ कॅरमचे स्ट्रायकर हातात धरून बराच वेळ पैसे द्यायला उभे होते आणि शेवटी तेही खुर्ची ओढून बसले. ज्याला घाई आहे त्याने हे ध्यानात ठेवून जावे.

दुकान सकाळी उशिरा उघडते, दुपारी बंद असते आणि संध्याकाळी गर्दी होते, त्यामुळे मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन सकाळीच जाणे सोयीचे. मूल बरोबर नसेल तर काका बॅट देत नाहीत, माप सांगून उपयोग होत नाही. फोनवरून पैसे देता येतात, पण पावती हाताने लिहिलेली मिळते आणि बदलून देण्याची मुदत त्यावर नसते, ती तोंडी विचारून लिहून घ्यावी. मांडीचा पॅड डावखुऱ्याला उजव्या पायासाठी लागतो आणि तो लहान मापात सध्या त्यांच्याकडे नाही. २०० रुपये आगाऊ घेऊन मागवून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. तो येईपर्यंत भाचीला टेनिसच्या चेंडूवरच खेळायला सांगितले आहे, आणि ते तिला अजिबात मान्य नाही.